आखाजीची गाणी व मोजका काळ

आयुष्य अल्प आहे, हाती असलेला वेळ वाया दवडू नये, हा आशय जगातील बहुतेक भाषांच्या गीतांत आढळतो. मराठीत त्याचा विचार करावयाचा झाला म्हणजे अभ्यासकाचे लक्ष प्रथम संतवाङ्मयाकडे वळते, आणि मग अशा प्रत्येक गीतास वैराग्याच्या कोष्टकात बसविण्याचा मोह होतो. खानदेशातील आखाजीची गाणी या मोहास चांगला अटकाव करतात. त्यांत काळ मोजका आहे याची तीव्र जाणीव आहे, परंतु वैराग्याचा लवलेश नाही. ही जाणीव कोठून येते आणि गीताच्या रचनेत ती कशी उतरते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया. हिलाच जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत आखाजी म्हणतात. हा सण एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत केव्हाही येतो. रब्बीचे धान्य घरात आलेले असते आणि खरिपाची पेरणी अद्याप दूर असते. मृग नक्षत्र 7 जूनच्या सुमारास लागते. त्यानंतर शेतकऱ्याच्या घरातील कोणासच उसंत नाही. सासुरवाशीण माहेरी येते ती नेमकी या फटीत. तिला आणावयास भाऊ किंवा घरातील कोणी मुऱ्हाळी जातो. ती येते, गौराईची पूजा होते, निंबाला झोके बांधले जातात, आणि काही दिवसांनी तिला परत पाठविले जाते. घरात त्याच दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते. एकीकडे गेलेल्यांचे स्मरण आणि दुसरीकडे आलेल्या लेकींचा झोका, ही दोन्ही कृत्ये एकाच अंगणात घडतात. (पुरुषांपैकी अनेकांचा हा काळ पत्त्यांच्या डावात जातो, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे, त्या वेळेवर मात्र गाणी झालेली नाहीत.)

या सणाची आणखी एक बाजू आहे, व ती लोकगीतांच्या विवेचनात सहसा येत नाही. खानदेशात सालदाराचे साल आखाजीला संपे व नवे साल आखाजीलाच ठरे. म्हणजे ही तिथी केवळ धार्मिक नव्हे, तर श्रमाच्या कराराचीही होती. जुना करार संपला आहे आणि नवा अद्याप अंगावर आलेला नाही, अशी ही संधिरेषा. सालदार व सासुरवाशीण यांची स्थिती एकच होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु दोघांच्याही वर्षात स्वतःचे म्हणता येतील असे दिवस याच सुमारास पडत, आणि ते किती असावेत हे दोघांपैकी कोणीच ठरवीत नसे.

आता रचनेकडे वळू. जात्यावरील ओवी व झोक्यावरील गाणे यांची लय मुळातच वेगळी आहे. घरोट फिरविणारीचा हात थकला की ती वेग कमी करते, दाणे घालते, पुन्हा वेग घेते. ओवीचा चरण त्यामुळे लांबू शकतो, आखडू शकतो. लोकओवीतील अक्षरसंख्येची सैलता सर्वांस परिचित आहे. झोक्याचे तसे नाही. झोका हा लंबक आहे, आणि लंबकाचा आवर्तनकाल मुख्यतः दोराच्या लांबीवर अवलंबून असतो. बसणारी हलकी आहे की जड, याने त्यात फरक पडत नाही. दोर 12 फूट धरला, तर एक येरझार चार सेकंदांहून किंचित कमी वेळात पुरी होते. 20 फूट धरला, तर सुमारे 5 सेकंदांत. झोका फार उंच गेल्यास हा काल थोडासा वाढतो, इतकेच. याचा अर्थ असा की, झोक्यावर गाणारीला वेळ वाढवून मिळत नाही. जावयास दोन सेकंद, यावयास दोन सेकंद. जे म्हणावयाचे ते त्यात बसले पाहिजे.

बहिणाबाई चौधरी यांची आखाजीवरील रचना या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. बहिणाबाई 1880 मध्ये जळगावजवळील आसोदे येथे जन्मल्या, जळगावच्या चौधरी घराण्यात त्यांचा विवाह झाला, आणि 1951 मध्ये त्या निवर्तल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते; पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवलेली गाणी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने 1952 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आखाजीच्या त्या गाण्यात चरणाचा आरंभीचा शब्दगट लागोपाठ दोनदा येतो आणि चरणाच्या शेवटी ‘जी’ हा टेकू येतो. कागदावर ही द्विरुक्ती केवळ अलंकरणाची वाटते. झोक्यावर ती तशी नाही: पहिला उच्चार हेलकाव्यास चालना देतो, दुसरा त्यावर स्वार होतो, आणि ‘जी’ हा माथ्यावरचा तो क्षण आहे, जेथे झोका थांबल्यासारखा वाटतो आणि लगेच उलटतो. बहिणाबाईंनी या हालचालीला जो अर्थ दिला तो असा की, जाणारा झोका माहेराकडे जातो आणि येणारा सासराकडे वळतो. अवघे वर्ष एका हेलकाव्यात आले. येथे रूपक शोधून लावलेले नाही. ज्या वस्तूवर बसून गावयाचे, तीच वस्तू बोलकी केली आहे.

आसोदे जळगावपासून काही किलोमीटरांवरच आहे. पायी चालणाऱ्यालाही हे अंतर भारी नव्हे. म्हणूनच या गाण्यांतील माहेर दूर असते ते अंतराने नव्हे, हे ध्यानी घ्यावयास हवे. वाट थोडी होती. रजा दुर्मिळ होती. माहेरच्या गीतांचे विवेचन करताना आपण विरहाची भाषा वापरतो व ती स्थलवाचक ठेवतो. माझ्या मते ती कालवाचक असावयास हवी.

तुलनेसाठी एक अगदी परके गीत घेतो. पिंक फ्लॉइड या इंग्रज रॉक वाद्यवृंदाच्या 1973 सालच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या ध्वनिमुद्रिकेत ‘टाइम’ नावाचे सुमारे सात मिनिटांचे गीत आहे. त्याचे शब्द रॉजर वॉटर्स यांचे. ते लिहिले गेले तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. गीताच्या आरंभी अनेक घड्याळांचे टोले एकदम कानी पडतात. ते ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून मुद्रित केले होते. गीताचा नायक तरुण आहे, वेळ भरपूर आहे अशा समजुतीत दिवस घालवितो, आणि एके दिवशी त्यास कळते की बरीच वर्षे मागे पडली.

दोन्ही गीतांचा विषय एक, पण आरंभबिंदू परस्परविरुद्ध. तेथे वेळ विपुल वाटतो, म्हणून तो निसटतो. त्याची मर्यादा उमगते ती उशिरा, व उमगणे हीच शोकांतिका ठरते. आखाजीच्या गाणारीस ही मर्यादा मुऱ्हाळी दारात उभा राहिला त्याच क्षणी ठाऊक असते. तिला काळाची आठवण करून देण्यास घड्याळाची गरज नाही, परतीचा दिवस ठरलेलाच आहे. त्यामुळे तिच्या गाण्यात पश्चात्ताप नाही. आहे ती घाई, आणि तीही आनंदाची. उंच झोका, मैत्रिणींची थट्टा, सासरच्या माणसांची नक्कल, हे सारे ती दाटून घेते. या गाण्यांस ‘सासुरवाशिणीचे दुःख’ असे एकच शीर्षक देणारे संपादक त्यांतील थट्टेचा भाग दुय्यम मानतात, तो याच कारणाने खटकतो. दुःख सांगावयास जात्याशी वर्षभर वेळ होताच; झोक्यावरचे मोजके दिवस तिने त्यासाठी खर्च केले नाहीत.

यातून संकलनाच्या पद्धतीविषयी एक प्रश्न निघतो. आपल्या संग्रहांत श्रमगीते व सणगीते अशी विभागणी असते, आणि ती सोयीची आहे. परंतु घरोटाशी ओवी गाणारी व निंबाखाली झोका घेणारी स्त्री एकच असते. धुळ्याकडील अहिराणी गीते असोत किंवा पूर्व जळगावच्या लेवा बोलीतील, त्यांची नोंद करताना गीत कोणत्या महिन्यात, कोणते काम संपल्यावर व कोणते सुरू होण्याआधी गायिले गेले, आणि झोका असल्यास त्याचा दोर किती लांब होता, हे टिपून ठेवले तर चरणाच्या लांबीचा विचार अंदाजावर न राहता मोजमापावर येईल. दोर मोजावयास फीत पुरते, आणि पुढील आखाजीपूर्वी ती झोळीत टाकणे विद्यार्थ्यांस कठीण नाही.