थेंब कोठून आला?

वाशी, नेरूळ किंवा बेलापूर येथे एखाद्या इमारतीच्या आवारात जुनी पद्मिनी मोटार उभी दिसली, तर तिच्याखालची फरशी पाहा. तेथे बऱ्याचदा तेलाचा काळा डाग असतो. "जुनी गाडी आहे, गळणारच!" असे म्हणून लोक पुढे जातात. पण हा डाग म्हणजे गाडीची तक्रार असते. ती वेळेवर ऐकली नाही, तर इंजिन निकामी होते. कधी कधी जिवावरही बेतते.

ही गाडी मूळची मुंबईचीच. इटलीतील फियाट कंपनीच्या परवान्याने प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवत असे. १९६४ मध्ये ती 'फियाट अकराशे डिलाइट' या नावाने आली. पुढे तिला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. २००१ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. आता ज्या गाड्या उरल्या आहेत, त्या मुख्यतः हौशी लोकांनी जपलेल्या आहेत.

जुनी गाडी का गळते? इंजिनाचे अनेक भाग बोल्टांनी एकमेकांना जोडलेले असतात. दोन भागांमधून तेल बाहेर येऊ नये, म्हणून मध्ये कॉर्क, कागद किंवा रबर यांचा पातळ थर बसवतात. त्याला गॅस्केट म्हणतात. फिरणाऱ्या दांड्याभोवती रबराचे कडे असते. त्याला ऑइल सील म्हणतात. इंजिन रोज तापते आणि रोज थंड होते. अशी अनेक वर्षे गेली, की रबर कडक होते, कॉर्क आक्रसतो आणि हादऱ्यांमुळे बोल्ट सैल होतात. मग तेलाला वाट मिळते.

गळती शोधताना पहिला प्रश्न विचारायचा, तो म्हणजे "काय गळते आहे?" रात्री गाडीखाली एक स्वच्छ पांढरा पुठ्ठा ठेवावा. त्यावर पुढच्या चाकांच्या जागा खुणेने दाखवाव्यात. सकाळी पुठ्ठा उजेडात पाहावा. काळपट, बुळबुळीत आणि न वाळणारा डाग इंजिन ऑइलचा असतो. हिरवट किंवा तांबूस पाणी रेडिएटरचे असते. ते कधीही चाखू नये, कारण त्यात मिसळलेले रसायन विषारी असते. फिकट पिवळे, पातळ आणि रंग खाणारे द्रव्य ब्रेक ऑइल असते. पेट्रोल लगेच उडून जाते, पण त्याचा वास राहतो. पुठ्ठा कोरडाच राहिला, तर फरशीवरचा डाग तेथे आधी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीचाही असू शकतो!

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. "कोठून गळते आहे?" थेंब जेथे पडतो, तेथेच भोक असते असे नाही. तेल वरून खाली ओघळते, कडेकडेने सरकते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते. इंजिनाच्या अगदी वर असलेल्या टॅपेट कव्हरमधून निघालेले तेल खालच्या चेंबरच्या टोकाशी येऊन टपकते. मग घाईने चेंबरचेच गॅस्केट बदलले जाते आणि गळती तशीच राहते. यालाच मराठीत 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' म्हणतात. म्हणून ओला भाग दिसला, की त्याच्या वर पाहावे. तोही ओला असेल, तर आणखी वर पाहावे. जेथे ओल संपते आणि कोरडा भाग सुरू होतो, तेथे गळतीचा उगम असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

चांगला मिस्त्री हकिमासारखा असतो. तो नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. तो आधी थंड इंजिन स्वच्छ धुऊन, पुसून कोरडे करतो, कारण जुन्या चिखलात नवा थेंब दिसत नाही. पेट्रोल गळत नाही याची खात्री करून संशयाच्या जागी तो थोडी टाल्कम पावडर भुरभुरतो आणि इंजिन काही मिनिटे चालवतो. नंतर इंजिन बंद करून तो बॅटरीच्या उजेडात पाहतो. पांढऱ्या पावडरीवर तेलाची काळी रेघ उमटलेली असते. ती रेघ जेथून सुरू होते, तेथेच दोष असतो.

उपाय मात्र बेताने करावा. सैल बोल्ट थोडा आवळला, तर कधी तेवढ्यानेच काम होते. पण जोर लावून आवळला, तर कॉर्क चिरडतो, पत्र्याचे झाकण वाकते आणि गळती वाढते. कडक झालेले गॅस्केट बदलणेच योग्य ठरते.

काही गोष्टी नीट लक्षात ठेवा. ब्रेक ऑइल गळत असेल, तर गाडी चालवू नये. पायाचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणारे हेच द्रव्य असते. पेट्रोलचा वास आला, तर इंजिन सुरू करू नये आणि जवळ काडी ओढू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण आतले उकळते पाणी अंगावर उसळते. चालू इंजिनाजवळ ओढणी किंवा सैल बाही नेऊ नये. ही तपासणी नेहमी जाणत्या माणसासोबतच करावी.

नव्या मुंबईत या गळतीचा संबंध गाडीच्या मालकाशीच येतो असे नाही. पावसात रस्त्यावरचे तेल गटारांतून खाडीकडे वाहत जाते. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तेथील चिखलातल्या बारीक जिवांवर हे पक्षी जगतात. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण पाण्याला लागू आहे, तशी तेलालाही आहे. त्यामुळे डाग दिसला, की नुसती फरशी पुसून थांबू नका. थेंब कोठून आला, ते शोधा.