वहीचे शेवटचे पान

खतावणी लिहिताना पान भरत आले की लिहिणारा खाली बेरीज मांडतो, ‘पुढे नेले’ असे लिहितो आणि पान उलटतो. व्यापारी घरांतील आपल्या वाचकांना ही रीत नवी नाही. संगणकावरील एक्सेलची वही मात्र अथांग भासते; कितीही खाली जावे, चौकटी संपत नाहीत. प्रत्यक्षात त्या संपतात. आजच्या एक्सेलमध्ये एका पानावर १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ स्तंभ असतात. २००७ च्या आवृत्तीपूर्वी ओळी ६५,५३६ होत्या आणि स्तंभ अवघे २५६.

हे आकडे ओबडधोबड वाटतात. पण ते दोनाच्या पटीतले आहेत. संगणक प्रत्येक क्रमांक शून्य आणि एक या दोनच चिन्हांनी लिहितो. जुन्या पद्धतीच्या फाइलीत ओळीच्या क्रमांकासाठी अशी सोळा घरे राखून ठेवलेली होती. सोळा घरांत मिळून ६५,५३६ क्रमांकच लिहिता येतात. त्यापुढच्या ओळीला नाव द्यायलाच जागा उरत नाही.

मग घरे हवी तितकी का वाढवू नयेत? कारण एका चौकटीतील आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली सारी गणिते पुन्हा मांडावी लागतात, आणि त्यासाठी लागणारी स्मृती व वेळ अमर्याद नसतात. शिवाय फाइलीची रचना एकदा ठरली की ती बदलणे सोपे नसते. जुन्या फाइली लोकांच्या संग्रही राहतातच.

त्या जुनेपणाची किंमत २०२० मध्ये इंग्लंडने मोजली. प्रयोगशाळांकडून येणारे कोरोनाचे अहवाल तेथील आरोग्ययंत्रणा जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलीत ओतत होती. एकेका रुग्णाला अनेक ओळी लागत. त्यामुळे एक फाइल सुमारे चौदाशे रुग्णांतच भरे. उरलेल्या नोंदी मुकाट्याने गळून पडत. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद अशी राहून गेली. त्यांना स्वतःचा अहवाल मिळाला होता. परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला, आणि साथीत तर एकेक दिवस मोलाचा. मर्यादेला दोष का द्यावा? खतावणीचे पानही भरतेच. पण ते भरल्याचे लिहिणाऱ्याला दिसते.

चूक उघडकीस आल्यावर तेथे अहवालांचे लहान लहान गठ्ठे करून ते अधिक फाइलींत विभागण्यात आले.