इटलीचा पास्ता आणि आपल्या शेवया

पास्ता म्हटले की इटलीचे नाव येते. परंतु वाळवून ठेवलेला पास्ता म्हणजे आपल्या शेवयांचाच भाऊबंद होय. बुलडाणा जिल्ह्यात उन्हाळा आला की घरोघरी शेवया होतात आणि ईदच्या शीरखुर्म्यासाठी त्यांना हमखास मागणी असते. ईद सरली की मात्र हा धंदा थंडावतो. इटलीत तोच माल बारा महिने विकला जातो. याचे कारण आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे.

मार्को पोलोने चीनमधून पास्ता आणला, ही कथा खरी नाही. तो 1295 साली व्हेनिसला परतला. त्याआधी, 1154 साली, अल-इद्रीसी या मुस्लिम भूगोलकाराने सिसिलीचा राजा रॉजर दुसरा याच्यासाठी आपला ग्रंथ पूर्ण केला होता. पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी ‘इत्रिया’ नावाच्या शेवया मोठ्या प्रमाणावर बनतात आणि जहाजे भरून मुस्लिम व ख्रिस्ती मुलखांत जातात, अशी नोंद त्यात आहे. 1279 साली जिनोव्हा शहरात एका सैनिकाच्या मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीने भरलेली टोपलीही नोंदली गेली. माल वाळलेला व टिकाऊ होता, म्हणूनच तो दूरवर गेला आणि त्याला किंमत आली.

टिकाऊपणाचे पहिले कारण गहू. हा पास्ता ड्युरम या कठीण दाण्याच्या गव्हाच्या रव्यापासून करतात. त्यात प्रथिने भरपूर असल्याने तो शिजल्यावर लगदा होत नाही. मैद्याच्या शेवया मात्र लवकर चिकटतात. आपल्याकडचा जुना बन्सी गहू ड्युरमच होय. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेला एमएसीएस 4028 हा वाणही ड्युरमचाच असून तो महाराष्ट्र-कर्नाटकातील कोरडवाहू जमिनीसाठी आहे. त्यात सुमारे 14.7 टक्के प्रथिने असतात.

दुसरे कारण वाळवण. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावात समुद्राकडून व डोंगराकडून येणाऱ्या वाऱ्यावर पास्ता वाळवत. कडक उन्हात माल घाईने वाळवला तर वरचा थर आधी आवळतो, आत ओल राहते आणि पुढे तडे जातात. फार सावकाश वाळला तर आंबतो किंवा बुरशी धरतो. म्हणून आपल्याकडच्या वैशाखातील उन्हात शेवया सावलीत, वारा खेळेल अशा जागी वाळवणे बरे. इटलीत ओलाव्याची मर्यादा साडेबारा टक्के आहे.

तिसरे कारण नियम व नाव. इटलीने 1967 साली कायदा करून वाळवलेल्या पास्त्यासाठी ड्युरम रवा सक्तीचा केला. ग्रान्यानोच्या पास्त्याला 2013 साली युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडे असा कायदा 1999 साली झाला व 15 सप्टेंबर 2003 पासून अमलात आला. गुजरातच्या भालिया गव्हाला, जो ड्युरमच आहे, 2011 साली हे मानांकन मिळाले. त्यासाठी एकट्या दुकानदाराने नव्हे, तर उत्पादकांच्या संघटनेने अर्ज करावा लागतो आणि मालाच्या गुणांचा त्या भूमीशी असलेला संबंध दाखवावा लागतो.

गावाचे नाव मालाला कसे मोल देते, हे शेगावच्या कचोरीने आपल्या जिल्ह्यात दाखवून दिलेच आहे. शेवयांच्या बाबतीत सुरुवात लहान असू शकते. चार-सहा कारागिरांनी एकाच जातीचा गहू ठरवावा, ओलावा तपासून मगच माल बांधावा, अन्न सुरक्षा कायद्यानुसार नोंदणी करावी आणि पाकिटावर गहू, तारीख व गावाचे नाव छापावे. मलकापूर, नांदुरा व शेगाव मुंबई-नागपूर लोहमार्गावर असल्याने बाहेरची बाजारपेठही आवाक्यात आहे. गिऱ्हाईक एकदा चवीसाठी येते, परंतु दुसऱ्यांदा येते ते माल पहिल्यासारखाच निघाला तर!