परक्या झेंड्याचे जहाज आणि आपला सर्व्हेअर

मुकुंदवाडीपासून समुद्र साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. तरीही शेजारच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतला माल कंटेनरात बंद होतो, जालना रस्त्याला लागतो आणि न्हावा शेवा बंदरात जाऊन जहाजावर चढतो. हे जहाज बहुधा भारतीय नसते. त्याच्या मागच्या टोकाला पनामा, लायबेरिया किंवा मार्शल बेटांचा झेंडा फडकत असतो. मालक तिसऱ्याच देशातला, कप्तान चौथ्या, आणि खलाशांत एखादा रत्नागिरीचा किंवा आपल्या मराठवाड्यातलाही असू शकतो. ज्या देशात नोंदणी सोपी आणि कर कमी, तिथला झेंडा घ्यायचा, अशी ही रीत. तिला ‘सोयीचा झेंडा’ म्हणतात.

जहाजावर कायदा चालतो तो झेंड्याच्या देशाचा. ते सुरक्षित आहे हे पाहण्याची पहिली जबाबदारीही त्याच देशाची. पण पनामाचा अधिकारी प्रत्येक जहाजामागे समुद्रभर कसा फिरणार? मग जीवरक्षक नौका खरोखर पाण्यात उतरते का, आग विझवणारा पंप चालतो का, हे कोणी पाहायचे?

उत्तर असे, की जहाज ज्या देशाच्या बंदरात येईल त्या देशाने. या व्यवस्थेला ‘पोर्ट स्टेट कंट्रोल’ म्हणतात. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तपासणी बंदराचे व्यवस्थापन करीत नाही. धक्का देणे, वाटाड्या म्हणजे पायलट पाठवणे, क्रेन पुरवणे ही बंदराची कामे. जहाजावर तपासणीला चढतो तो केंद्र सरकारचा सर्व्हेअर. मुंबईत तो मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटचा असतो आणि हे खाते नौवहन महासंचालनालयाच्या हाताखाली येते. सर्व्हेअर बहुधा स्वतः अनेक वर्षे समुद्रावर काढलेला कप्तान किंवा इंजिनिअर असतो. आमच्या मते या व्यवस्थेचे निम्मे बळ इथेच आहे.

नियम मात्र भारताने एकट्याने केलेले नाहीत. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाले आणि 1914 मध्ये सागरी जीवसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज चालतो तो 1974 चा, वेळोवेळी सुधारलेला. प्रदूषण, भाररेषा, खलाशांचे प्रशिक्षण यांचे करार वेगळे. खलाशांचा पगार, जेवण व विश्रांती यांचा 2006 चा करार 2013 पासून लागू झाला. यांत एक कलम मोठे हुशारीचे आहे. एखाद्या देशाने करारावर सही केली नसली, तरी त्याच्या जहाजाला जास्त सवलत मिळत नाही. म्हणजे करार टाळून पळवाट काढता येत नाही.

तरीही 1978 पर्यंत परदेशी जहाजांची तपासणी तुरळकच होई. त्या वर्षी मार्चमध्ये लायबेरियाचा झेंडा असलेल्या ‘अमोको कॅडिझ’ या तेलवाहू जहाजाचे सुकाणू निकामी झाले. ते फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर आपटले आणि दोन लाख टनांहून अधिक कच्चे तेल समुद्रात गेले. लोकांचा संताप एवढा झाला, की 1982 मध्ये युरोपातील देशांनी पॅरिस येथे सामायिक तपासणीचा करार केला. पुढे जगभर असे प्रादेशिक करार झाले. हिंदी महासागराचा करार 1998 मध्ये प्रिटोरिया येथे झाला आणि 1 एप्रिल 1999 पासून लागू झाला. भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, इराण, श्रीलंका, केनिया इत्यादी देश त्यात आहेत, आणि त्याचे सचिवालय आपल्या शेजारी गोव्यात आहे. एका बंदरातली तपासणी सर्वांच्या सामायिक नोंदीत जाते. त्यामुळे कोलंबोत निघालेला दोष मुंबईच्या सर्व्हेअरला जहाज येण्याआधीच समजतो.

सगळी जहाजे तपासणे शक्य नसते. म्हणून जहाजाचे वय, प्रकार, झेंड्याची आणि कंपनीची कीर्ती, पूर्वी निघालेले दोष हे पाहून निवड होते. वर्गातला कोणता विद्यार्थी गृहपाठ टाळतो हे शिक्षकाला ठाऊक असते, तसेच हे.

तपासणी सुरू होते ती धक्क्यावरूनच. गंज किती आहे, दोरखंड झिजले आहेत का, चढायची शिडी नीट बांधली आहे का, आणि जहाज पाण्यात किती बुडाले आहे? यासाठी जहाजाच्या कुशीवर वर्तुळ व आडव्या रेघा रंगवलेल्या असतात. सॅम्युएल प्लिम्सॉल या ब्रिटिश खासदाराच्या चळवळीमुळे 1876 मध्ये ही खूण ब्रिटनमध्ये सक्तीची झाली. रेघा अनेक असतात, कारण गोडे पाणी व खारे पाणी, उन्हाळा व हिवाळा यांनुसार मर्यादा बदलते. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्याच्या सुमारे 1.025 पट असते. समुद्रात 10 मीटर बुडालेले पेटीच्या आकाराचे जहाज नदीत 10.25 मीटर बुडेल. वर्गात परीक्षानळीत वाळू घालून ती आधी साध्या आणि मग लिटरला 35 ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात तरंगवावी. आत कागदाची पट्टी लावली तर दोन-अडीच मिलिमीटरचा फरक दिसतो. वाळू थोडी जास्तच घालावी, नाहीतर नळी आडवी होते.

जहाजावर चढल्यावर आधी कप्तानाच्या खोलीत प्रमाणपत्रे पाहिली जातात. मग फेरी: सुकाणूकक्ष, डेक, इंजिनघर, स्वयंपाकघर. इतक्याने समाधान झाले तर सर्व्हेअर परत जातो. शंकेला सबळ कारण मिळाले तर सविस्तर तपासणी सुरू होते. आणीबाणीचा पंप चालू करून दाखवा, असे तो सांगतो. हा पंप इंजिनघराबाहेरच्या शक्तीवर चालावा लागतो, कारण आग इंजिनघरातच लागली तर मुख्य पंप उपयोगाचा नाही. मुख्य वीज गेली तर आणीबाणीचा जनरेटर 45 सेकंदांत आपोआप वीज देऊ लागला पाहिजे. सुकाणू एका बाजूच्या 35 अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या 30 अंशांपर्यंत 28 सेकंदांत फिरले पाहिजे. अमोको कॅडिझ आठवले की या आकड्याचे महत्त्व कळते. खलाशांकडून आगीची आणि जहाज सोडण्याची कवायतही करून घेतली जाते. उत्तम यंत्र आणि गोंधळलेले खलाशी, असे दृश्य दुर्मीळ नाही.

इंजिनघरात साचणारे तेलकट पाणी गाळूनच समुद्रात सोडायचे असते आणि त्यात तेल दहा लाख भागांत 15 भागांपेक्षा जास्त नको. घरावरच्या हजार लिटरच्या टाकीत तीन चमचे, एवढे ते होते. काही जहाजे गाळणी चुकवून गुपचूप नळी जोडतात. सर्व्हेअर अशा वेळी नळ्यांच्या बोल्टवरचा ताजा रंग पाहतो आणि तेलाच्या नोंदवहीची इंजिनाच्या वहीशी ताळमेळ लावून पाहतो. खलाशाला 24 तासांत किमान 10 तास विश्रांती हवी. पण महिनाभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच दिवशी भरल्यासारख्या दिसल्या, तर हजेरीपुस्तक तपासणाऱ्या मुख्याध्यापकांना जे वाटते तेच त्यालाही वाटते.

किरकोळ दोषांना मुदत मिळते, काही दोष निघण्यापूर्वी दुरुस्त करावे लागतात. जिवाला किंवा समुद्राला उघड धोका असेल तर जहाज अडकवून ठेवले जाते आणि झेंड्याच्या देशाला कळवले जाते. धक्क्यावर अडकलेले जहाज मालकाचे रोज नुकसान करते. म्हणून अधिकारही जपून वापरायचा असतो. विनाकारण अडकवल्यास मालक भरपाई मागू शकतो.

मग अपघात थांबले का? 7 ऑगस्ट 2010 रोजी न्हावा शेव्याहून निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबईत येणारे ‘खलिजिया 3’ यांची बंदराच्या तोंडाशीच टक्कर झाली. कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरले, कोळी बांधवांची मासेमारी बुडाली. टक्कर ही हाताळणीची बाब, ती तपासणीत आधी सापडेलच असे नाही. 2011 चा पावसाळा अधिक बोलका आहे. ओमानजवळ 13 खलाशांची सुटका झाल्यावर सोडून दिलेले ‘पवित’ हे तेलवाहू जहाज सुमारे महिनाभर वाहत राहिले आणि 31 जुलैला जुहूच्या वाळूत रुतले. चारच दिवसांनी इंडोनेशियाहून दहेजकडे कोळसा नेणारे ‘रॅक’ मुंबईजवळ बुडाले. त्यावरचे 30 जण नौदल आणि तटरक्षक दलाने वाचवले. यांपैकी एकही मुंबई बंदरात येणार नव्हते! आपल्या किनाऱ्यावरून नुसते जाणारे जहाज आपला सर्व्हेअर तपासू शकत नाही. ते आधीच्या बंदरात कोणीतरी तपासलेले असले पाहिजे. इंडोनेशिया टोकियो करारात, आपण हिंदी महासागराच्या करारात, म्हणून या करारांनी एकमेकांना माहिती देणे गरजेचे होते आणि आहे.

बदनाम जहाज नाव आणि झेंडा बदलून पुन्हा येऊ शकते. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक जहाजाला सात अंकी आयएमओ क्रमांक असतो. मोटारीच्या चासी क्रमांकासारखा तो जहाज भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. या क्रमांकात एक गणित दडले आहे. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणून बेरीज केली, तर बेरजेचा शेवटचा अंक सातव्या अंकाइतका येतो. उदाहरणार्थ 9074729 घेऊ. 63, 0, 35, 16, 21 आणि 4 यांची बेरीज 139, शेवटचा अंक 9. वर्तमानपत्रात जहाजाचे छायाचित्र आले आणि क्रमांक वाचता आला, तर विद्यार्थ्यांना तो पडताळायला द्यावा.