आरएक्स हंड्रेडचा सूर

९८ सीसी, ११ बीएचपी, वजन जेमतेम १०३ किलो. कंपनीने ही गाडी १९९६ मध्येच बंद केली, तरी कोल्हापुरात तिचं वेड काही जात नाही. पण ती अशी का पळते आणि असा आवाज का करते, हे कधी बघितलंय?

संध्याकाळी रंकाळ्यावर नाहीतर राजारामपुरीत कुठल्याही चहाच्या गाड्यावर उभे राहा. दहा गाड्या समोरून गेल्या तरी कोण मान वर करत नाही. अकरावी मात्र 'ट्रिंग-डिंग-डिंग' करत गेली की अख्खा कट्टा वळून बघतो. "आरएक्स हाय भावा!" असं कुणीतरी म्हणतंच. गंमत म्हणजे, म्हणणाऱ्याचा जन्म ही गाडी बंद झाल्यानंतरचा असतो. काकाची, मामाची नाहीतर शेजारच्या दादाची गाडी बघून लागलेलं हे वेड आहे. तुम्हालाही ते असेल, तर आज त्या गाडीचं जरा आतलं बघूया.

पेटीवाल्याची कंपनी

यामाहाच्या टाकीवरचं चिन्ह नीट बघा. तीन काटे एकमेकांत गुंफलेले दिसतात. ते हत्यार नाही, सूर जुळवायचे ट्यूनिंग फोर्क आहेत. १८८७ मध्ये जपानच्या हमामात्सू गावातल्या एका शाळेतली पेटी, म्हणजे परदेशातून आणलेला रीड ऑर्गन, बिघडला. दुरुस्तीला बोलावलं तोराकुसू यामाहा नावाच्या कारागिराला. त्याने तो उघडला, दुरुस्त केला आणि मनात म्हणाला, हे तर मीही बनवू शकतो. बनवलाही. मग एका साथीदाराबरोबर तो ऑर्गन काठीला टांगून, खांद्यावर घेऊन, हाकोनेचे डोंगर ओलांडत टोकियोला जाणकारांना दाखवायला नेला. जाणकार म्हणाले, वाद्य छान आहे, पण सूर चुकलाय. गडी परत फिरला नाही. तिथेच राहून सुरांचं शास्त्र शिकला आणि दुसरा ऑर्गन बनवला.

दुसऱ्या महायुद्धात याच वाद्यांच्या कारखान्यात विमानांचे पंखे बनत होते. युद्ध संपलं, यंत्रं रिकामी पडली. त्या यंत्रांचं काय करायचं, या प्रश्नातून मोटारसायकल आली. १९५५ मध्ये यामाहाची पहिली गाडी 'वायए-१' रस्त्यावर आली. १२५ सीसीची, टू-स्ट्रोक, जर्मन डीकेडब्ल्यू गाडीवरून घेतलेली. नक्कल होती, पण रूप आणि रंग स्वतःचा होता. जपान्यांनी तिला 'लाल चतुर' म्हटलं, आपल्याकडे पावसाळ्यात उडतो तो चतुर. त्याच वर्षी फुजी पर्वताच्या चढाच्या शर्यतीत तिने आपला गट जिंकला. त्या काळात जपानमध्ये मोटारसायकल बनवणाऱ्या शंभरावर कंपन्या होत्या. त्यांच्यात टिकायचं तर शर्यत जिंकून दाखवा, असा सरळ हिशेब होता.

इचलकरंजीची मीरा

आता एक तारीख लक्षात ठेवा, १९४९. म्हणजे यामाहाची पहिली गाडी यायच्या सहा वर्षं आधी. आपल्याच जिल्ह्यात, इचलकरंजीत, शंकरराव कुलकर्णी नावाच्या माणसाने स्वतःच्या बळावर दोन माणसांची छोटी मोटार बनवून चालवली. पुढे त्यांनी ती दोन दशकं सुधारत नेली. तिचं नाव 'मीरा'. इंजिन मागे, सस्पेन्शन रबराचं, आणि किंमत बारा हजारांच्या आसपास ठेवायची, म्हणजे मध्यमवर्गीयाला परवडेल. पण मोटार बनवायला सरकारचा परवाना लागायचा आणि त्या परवान्याच्या काळात मीराचा कारखाना काही उभा राहिला नाही.

हे इथे सांगायचं कारण एवढंच, की डोकं हमामात्सूत होतं तसं पंचगंगेच्या काठीही होतं. तिकडच्या कारागिराला चुकायला, शर्यत हरायला आणि पुन्हा बनवायला जागा मिळाली. इकडच्याला ती मिळाली नाही. म्हणून मग १९८० च्या दशकात आपल्याला जपानी गाडीची वाट बघावी लागली.

शंभर सीसीची लढाई

तोवर आपल्या रस्त्यांवर कोण होतं? बुलेट, येझदी, राजदूत आणि नंबर लावून मिळणारी स्कूटर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी कंपन्यांशी हातमिळवणी करायला दार उघडलं आणि जपानच्या चारही मोठ्या कंपन्या एकापाठोपाठ आत आल्या. १९८४ मध्ये इंड-सुझुकीची एएक्स १००, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १००, त्याच वर्षाच्या अखेरीला एस्कॉर्ट्सबरोबर यामाहाची आरएक्स १००, आणि १९८६ मध्ये बजाजबरोबर कावासाकीची केबी १००.

होंडाने फोर-स्ट्रोक निवडलं. पेट्रोल कमी खाणारी, शांत, घरच्या माणसाची गाडी. तिची ताकद सात-साडेसात बीएचपीच्या आसपास. यामाहाने तेवढ्याच सीसीतून ११ बीएचपी काढले. आजच्या साध्या १०० सीसी गाडीतही आठच्या आसपासच मिळतात. आणि ही ताकद ओढायची होती फक्त १०३ किलोंना. बुलेटपेक्षा साठ किलोंनी हलकी! सिग्नल सुटल्यावर पहिल्या शंभर मीटरांत कोण पुढे जाणार, हे इथेच ठरलं.

रूपातही फालतू काही नाही. गोल हेडलाइट, क्रोमचे मडगार्ड, लांब सपाट सीट, थेंबासारखी टाकी, बारीक टायर. लपवाछपवी नाही. इंजिन समोर दिसतंय, त्याच्या पात्या दिसतायत, सायलेन्सर दिसतोय. फिटरचा पाना कुठेही सहज पोचतो. गावोगावच्या गॅरेजमध्ये ही गाडी टिकली, त्यामागे हा सुटसुटीतपणाही आहे.

आत नेमकं काय चालतं

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. वर व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, टायमिंगची चेन नाही. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खालीवर जाताना त्याच खिडक्या उघडतो आणि झाकतो. आरएक्सच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५० मिलिमीटर. हिशेब अगदी चौरस.

कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये बसतो रीड व्हॉल्व्ह. पातळ पट्ट्यांची ही झडप आहे. इंजिनाने ओढलं की पट्ट्या वाकतात, मिश्रण आत जातं. उलटा दाब आला की आपोआप मिटतात, मिश्रण परत जात नाही. पेटीच्या आतली पट्टी हवेने थरथरते आणि सूर निघतो, इथली पट्टी हवेला वाट देते आणि अडवते. पेटी दुरुस्त करणाऱ्याच्या कंपनीने इंजिनातही रीडच बसवावी, हा योगायोग छान आहे की नाही?

तिसरी गोष्ट ऑइलची. टू-स्ट्रोकला पेट्रोलबरोबर ऑइलही लागतं. आरएक्समध्ये त्याची वेगळी टाकी आणि पंप आहे. इंजिन किती फिरतंय आणि थ्रॉटल किती पिळलाय, त्यानुसार पंप ऑइल सोडतो. बरेच जण हा पंप काढून टाकतात आणि सरळ पेट्रोलमध्ये ऑइल ओततात. मग गाडी हळू चालली तरी तेवढंच ऑइल, जोरात पळाली तरी तेवढंच. धूर वाढतो, प्लग काळा होतो आणि वर आपणच म्हणतो, "जुनी गाडी आहे, त्रास देतीय."

सायलेन्सर हे इंजिनच आहे

आता सगळ्यात महत्त्वाचं. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला धूर बाहेर जाताना थोडं ताजं मिश्रणही त्याच्या मागे निसटतं. ते परत आत कसं ढकलायचं? पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन नावाचा इंजिनिअर १९५० च्या दशकात यावर काम करत होता. त्याने बाहेर पडणाऱ्या आवाजाच्या लाटेलाच कामाला लावलं. सायलेन्सरची नळी आधी रुंद होत जाते, तेव्हा धूर ओढला जातो. मग ती अरुंद होते, तेव्हा लाट आपटून परत फिरते आणि निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. वेळ अचूक जुळायला हवी, म्हणून नळीची लांबी आणि उतार मिलिमीटरमध्ये मोजून ठरवतात.

१९६१ मध्ये एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीतून पळाला, पूर्व जर्मनीत परत गेलाच नाही आणि हे ज्ञान घेऊन सुझुकीकडे पोचला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, यामाहाने २५० सीसीचं जिंकलं. जपानी टू-स्ट्रोकची लाट आली ती अशी. आरएक्सच्या लांबट सायलेन्सरमध्ये त्याच विद्येचा घरगुती, शांत अवतार आहे.

म्हणून सायलेन्सर कापणाऱ्या, आतली नळी काढून फेकणाऱ्या मित्राला एकदा हे समजावून सांगा. बुलेटचा सायलेन्सर बदलला तर मुख्यतः आवाज बदलतो. आरएक्सचा कापला तर लाट परत फिरायची वेळ चुकते आणि इंजिनाचा एक भागच कापला जातो. आवाज वाढतो, खालची ओढ कमी होते, पेट्रोल जास्त जातं. लोकांना वाटतं गाडी तयार केली, प्रत्यक्षात मूळ गाडीपेक्षा हळू झालेली असते. वर मोटार वाहन कायद्याने असा बदल चालतच नाही. राज्यात अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडलेत. आणि दवाखान्यासमोरून, परीक्षेच्या दिवसांत शाळेसमोरून फाडफाड करत जाणाऱ्याला लोक 'आरएक्सवाला' म्हणूनच शिव्या देतात. त्या शिव्या बिचाऱ्या मूळ गाडीला बसतात.

मग बंद का झाली?

ज्या साधेपणावर ती पळायची, त्यानेच तिला थांबवलं. धुराबरोबर थोडं कच्चं पेट्रोल निसटायचं ते निसटायचंच, आणि ऑइलही जळायचं. १९९६ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि आरएक्स १०० चं उत्पादन थांबलं. तिच्या जागी १३५ सीसीच्या बहिणी आल्या, चांगल्या होत्या, पुढे त्याही गेल्या. नियम चुकीचे नव्हते. शहरातली हवा आपल्यालाच घ्यायची आहे.

आणखी एक गोष्ट वेडाच्या भरात विसरायची नाही. या गाडीला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, टायर बारीक आहेत, एबीएस नाही. पळायची ताकद जास्त आणि थांबायची कमी. हेल्मेट घाला, आणि वेग आजमावायचाच असेल तर ट्रॅकवर जा. राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या भरवणारं मोहितेंचं ट्रॅक आपल्याच कोल्हापुरात आहे. शर्यतीची जागा ती, हायवे नव्हे.

घरात आरएक्स असेल, किंवा घ्यायची असेल तर

कागद आधी, गाडी नंतर. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ते झालंय का, पीयूसी आहे का, बघा. इंजिन आणि चेसिस नंबर कागदाशी जुळवा. आरएक्स १०० चा नंबर '१एल१' ने सुरू होतो. १३५ चं इंजिन घालून 'ओरिजनल हंड्रेड' म्हणून विकणारे कमी नाहीत.

मूळ सायलेन्सर, मूळ कार्ब्युरेटर आणि ऑइल पंप असेल तर क्रोम गेलेलं असलं तरी चालेल. चकचकीत रंग कुणीही मारून देतो, मूळ पार्ट मिळत नाहीत.

सिलिंडर बोअर करायची घाई नको. प्रत्येक वेळी भिंतीचं थोडं लोखंड जातं, आणि ते परत येत नाही. किती वेळा बोअर झालंय, हे आधी विचारा. शिवाजी उद्यमनगरातल्या जुन्या मेस्त्रींकडे लेथवर काम चालू असताना बाजूला उभे राहा आणि प्रश्न विचारा. रागावतील, पण सांगतील. सायलेन्सरचा आतला उतार, रीडची पट्टी किती वाकली की बदलायची, हे बऱ्याच वेळा पुस्तकात सापडत नाही, त्यांच्या हातात असतं. ते हात म्हातारे होत चाललेत.

आणि हे शिकून फक्त जुनी गाडी चालू ठेवायची असंही नाही. या शहरात फाउंड्री आहेत, मशीन शॉप आहेत, इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत. शंकररावांना अडवणारा तो परवाना आता राहिलेला नाही. उद्याची गाडी बॅटरीवर चालेल, तिला सायलेन्सरच नसेल. पण कमी वजनात जास्त ताकद कशी बसवायची आणि फिटरला पाना फिरवायला जागा कशी ठेवायची, हे प्रश्न तिथेही असतील. काकाची आरएक्स उघडायला मिळाली, तर हेच बघा.