संत्र्याचा रस

यवतमाळ जिल्हा कापसासाठी प्रसिद्ध आहे. परंतु तेथील काळ्या जमिनीत पऱ्हाटीच्या शेतांलगत अधूनमधून संत्र्याच्या हिरव्यागार बागाही दिसतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरच्या भोसल्यांनी औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, हे झाड आणविले व तेथून ते विदर्भभर पसरले.

संत्र्याला वर्षातून दोन बहार येतात. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या सुमारास, तर मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतात. फळ पिकले की ते थांबत नाही. त्याची साल सैल व नाजूक असल्यामुळे ते लवकर दबते आणि बुरशी धरते. साऱ्या बागांचा माल एकदम बाजारात आला म्हणजे भाव कोसळतो, आणि ज्याला ‘चुरी’ म्हणतात त्या बारीक फळाला तर कोणी विचारीतही नाही. वर्षभर बागेला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यापुढे तेव्हा नासाडीचा ढीग उभा राहतो. वास्तविक चुरीचा रस मोठ्या फळाइतकाच गोड असू शकतो. तो टिकविता आला तर हे नुकसान काही अंशी टळेल.

रस बिघडतो कशामुळे? हवेत आणि फळाच्या सालीवर डोळ्यांना न दिसणारे किण्वाचे व बुरशीचे सूक्ष्म जीव असतात. रसातील साखर हे त्यांचे आवडते खाद्य होय. किण्व साखर खाऊन तिचे मद्यार्क व वायू यांत रूपांतर करते. म्हणून शिळ्या रसाला फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. निकोला अपेर नावाच्या फ्रेंच हलवायाने बाटलीत पदार्थ भरून, बूच घट्ट बसवून, ती पाण्यात उकळण्याची युक्ती शोधली. १८१० साली त्याला तीबद्दल १२,००० फ्रँकचे पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की पदार्थ का टिकतो हे त्यालाच ठाऊक नव्हते! ते कोडे सुमारे पन्नास वर्षांनी लुई पाश्चर याने उलगडले.

थंड डोंगराळ मुलखात पिकणाऱ्या नासपतीचा किंवा सफरचंदाचा रस या रीतीने उत्तम टिकतो. आपल्या संत्र्याची मात्र एक खोड आहे. ताजा रस गोड लागतो. तोच काही तास ठेवला किंवा तापविला, की कडू होतो. संत्र्याच्या बियांत व फोडींच्या पापुद्र्यांत एक बेचव द्रव्य असते. बी चिरडली किंवा पापुद्रा फाटला, की ते आंबट रसात मिसळते आणि हळूहळू त्याचे लिमोनिन नावाच्या अत्यंत कडू द्रव्यात रूपांतर होते. उष्णतेने ही क्रिया वेगाने घडते. विदर्भातील रसाच्या धंद्याला हा कडवटपणा फार दिवस नडला आहे.

म्हणून घरी रस काढताना घाई करू नये. फळे स्वच्छ धुऊन सोलावीत, फोडींवरील पांढरे धागे व बिया काढाव्यात, आणि रस हलक्या हाताने पिळून लगेच गाळावा. पावणेदोन किलो साखर एक लिटर पाण्यात विरघळवून, त्यात २५ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून पाक उकळावा, गाळावा आणि पूर्ण निवू द्यावा. मगच त्यात एक लिटर रस मिसळावा. रस स्वतः तापविला जात नाही, हेच या कृतीचे मर्म आहे. इतक्या दाट साखरेत पुष्कळशा सूक्ष्म जीवांना वाढण्यासाठी पाणी कमी पडते. तरीही काही चिवट किण्वे तग धरतात. त्यांच्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट नावाची पूड २ ग्रॅम, थोड्या पाण्यात विरघळवून, शेवटी घालावी. ती चिमटीने न घालता वजन करूनच घ्यावयाची, आणि हे काम वडीलधाऱ्यांनी करावयाचे. दम्याच्या रोग्याला हे सरबत देऊ नये. जांभळाच्या रसात ही पूड वापरीत नाहीत, कारण तिने त्याचा सुंदर रंग फिका पडतो.

बाटल्या आधी पाण्यात उकळून कोरड्या कराव्यात. सरबत भरताना वर दोन बोटे जागा सोडावी, झाकण घट्ट लावावे व बाटली अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४२-४३ अंशांवर चढला, की एक भाग सरबतात तीन भाग माठातले पाणी घालून ते प्यावे. मात्र झाकण उघडताना फसफस आवाज आला किंवा आंबूस वास सुटला, तर चव घेऊन पाहण्याच्या फंदात न पडता ती बाटली सरळ ओतून टाकावी.