तारचौकट आकृती
तारचौकट आकृती : त्रिमितीय वस्तूचे पृष्ठभाग वगळून केवळ तिच्या कडा रेषांनी दाखविणारे संगणकीय चित्र. तारांच्या सांगाड्यासारखे दिसते म्हणून हे नाव.

असे चित्र दाखविणारी आज्ञावली साधी असते. तिला शिरोबिंदूंचे सहनिर्देशक व कोणते बिंदू जोडावयाचे ते सांगणाऱ्या जोड्या पुरवितात. घनासाठी ८ बिंदू व १२ जोड्या पुरतात. इष्ट कोनातून बिंदू फिरवून त्यांचे पडद्यावर प्रक्षेपण केले जाते. यथार्थदर्शी प्रक्षेपणात क्ष व य या सहनिर्देशकांना निरीक्षकापासूनच्या खोलीने, म्हणजे झ ने, भागतात. त्यामुळे दूरची कड आखूड दिसते. समांतर प्रक्षेपणात झ सोडूनच देतात. हे सोपे खरे, पण मग पुढची बाजू कोणती व मागची कोणती हे चित्रावरून ठरत नाही. स्फटिकांच्या रेखाचित्रांतील ही संदिग्धता स्विस शास्त्रज्ञ लुई आल्बेअर नेकर यांनी १८३२ मध्ये वर्णिली होती. आकृती फिरविल्यानेही ती जात नाही. बाजूंची अदलाबदल भासली की फिरण्याची दिशाही उलट भासते. गुंतागुंतीच्या यंत्रभागात तर रेषांचे जंजाळच होते.

दडलेल्या रेषा गाळणे हा खरा उपाय होय. त्यासाठी मात्र कडांबरोबर पृष्ठेही सांगावी लागतात. लॉरेन्स रॉबर्ट्‌स यांनी १९६३ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील प्रबंधात यासाठी रीत दिली. वस्तू बहिर्वक्र असल्यास काम सुलभ होते : जिची दोन्ही लगतची पृष्ठे निरीक्षकाला पाठमोरी असतात ती कड काढावयाची नाही. ३२ किलोबाइट स्मृतीच्या बीबीसी मायक्रो संगणकावरील ‘एलीट’ (१९८४) या खेळातील अवकाशयाने याच युक्तीने भरीव भासतात.